चांगुणाबाईनं मागून आणलेले भन्ते

खडकदरीच्या लोकांनी भन्ते मागितले नव्हते. चांगुणाबाई हिवाळेनं मागितले होते, आणि तेही अशा आवाजात की नाही म्हणायची कोणाची छाती झाली नाही.

खडकदरी म्हणजे धाडहून जीपनं वीस मिनिटं. रस्त्याच्या वरच्या अंगाला गाव, खालच्या अंगाला बौद्धवाडा आणि दोहोंच्या मधात निजामची पिठाची गिरणी. वाड्यात बेचाळीस घरं. विहार बांधून सतरा वर्षं झाली होती, पण त्यात भन्ते म्हणून कधी कोणी राहिलं नव्हतं. कोणाचं लग्न असलं, कोणाच्या मयताचं पुण्यानुमोदन असलं की बुलढाण्याहून एखादे भन्ते गाडीत बसून यायचे, परित्राणपाठ म्हणायचे, जेवायचे आणि ऊन कलायच्या आत परत. बाकीचे दिवस विहाराची किल्ली चांगुणाबाईच्या कमरेला.

बाई चौऱ्याहत्तर वर्षांची. वाळल्या शेंगेसारखी, आत दाणे वाजतात तशी सारखी वाजणारी. एकतिसाव्या वर्षी नवरा गेला, तीन लेकरं निंदण-खुरपणावर वाढवली. दोन पोरं पुण्याला कंपनीत, लेक वरवट बकालला नर्स. पोरं न्यायला येतात, ही जात नाही. "पुन्यात दोन दिस बरं वाटते," म्हणते, "तिसऱ्या दिवशी भांडाले मानूस भेटत नाही." अजून निंदायला जाते. मजुरीवाल्या बाया तिला आपल्या ओळीत घ्यायला भितात, कारण ती पुढं निघून जाते आणि मागं वळून बोलते.

तर बुलढाण्याला धम्मपरिषद होती. मोठे भन्ते व्यासपीठावरून सांगत होते की धम्म कसा समुद्र ओलांडून गेला, लंकेत गेला, जपानात गेला. चांगुणाबाई मंडपाच्या मधात उभी राहिली.

"समद्या जगात जाता भन्तेजी, तर आमच्या खडकदरीत यायले का व्हिसा लागते तुमाले?"

मंडप हसला. मोठे भन्तेही हसले, पण हसून झाल्यावर त्यांनी तिला पुढं बोलावलं. एक तरुण भन्ते आहेत श्रीलंकेचे, नागपूरला पाली शिकतात, त्यांना या वर्षावासाला पाठवतो म्हणाले. "पण बाई, पावसाळ्याचे तीन महिने एकाच विहारात. मधात उठून जाता येत नाही. गेले तर त्यांचा वर्षावास मोडला, आणि तो दोष सांभाळणाऱ्यावर. जमेल?"

"तीन लेकरं एकटीनं सांभाळली," चांगुणाबाई म्हणाली. "एक भन्ते कायचा जड हाय?"

शब्द दिला. हा शब्द पुढं तिला फार महागात पडणार होता.

आषाढी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी भन्ते पियरतन धाडच्या जीपमधून उतरले. वय सव्वीस, उंची सहा फूट, रंग आपल्याच गावचा वाटावा असा आणि हसू सगळ्या तोंडभर. सोबत एक छत्री, एक झोळी आणि एक काळं भांडं, झाकणाचं. हिंदी नागपुरात शिकलेली, म्हणजे निम्मी समजणारी. चांगुणाबाईला पाहून पहिला शब्द काढला, "अम्मा!"

"अम्मा म्हने," बाई काजलला म्हणाली. "आपल्याकडं अम्मा निजामच्या घरी हाय. पन चालते. म्हनू दे."

काजल म्हणजे तिची शेजारीण, नवी सून, महिला मंडळाची सगळ्यांत तरुण सभासद. मंडळानं भन्तेंच्या जेवणाच्या पाळ्या लावल्या. खडूनं विहाराच्या फळ्यावर नावं लिहिली. भन्ते दुपारी बारानंतर काही खात नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण दिवस निंदणाचे. सोयाबीन गुडघ्याला लागलेलं, बाया आठलाच वावरात, परत यायला दोन वाजायचे. मग पहाटेच स्वयंपाक करायचा आणि डबा विहारात नेऊन ठेवायचा, असं ठरलं.

पहिली पाळी काजलची. ती सातला गेली तर भन्ते डोळे मिटून ध्यानात. हिनं तीनदा वंदन केलं, "डबा ठेवला भन्तेजी," म्हणून पायरीवर डबा ठेवला आणि ऑटो सुटेल म्हणून पळाली. संध्याकाळी डबा न्यायला गेली तर डबा जसाच्या तसा. आत बेसन, भाकर आणि ठेसा.

"तिखट झालं असंल," सासू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी महामायाबाईनं बिनतिखटाचं वरण आणि तूप घातलेला भात पाठवला. तोही परत. तिसऱ्या दिवशीच्या बाईनं शेवयांची खीर केली, वर काजू टाकले. खीर परत. आता मात्र वाड्यात कुजबुज सुरू झाली. कोणी म्हणे भन्तेला आपल्या हातचं चालत नाही. कोणी म्हणे लंकेत नुसता नारळ खातात. ज्या घरचा डबा भरलेला परत आला त्या घरची बाई दुसरीला भेटेना.

चौथ्या दिवशी चांगुणाबाईनं निंदणाला दांडी मारली आणि विहारात गेली. भन्ते माठातलं पाणी पीत होते. गाल आत गेलेले. रोज पहाटे ती स्वतः त्यांच्या हातात चहा आणि दोन बिस्किटं देत होती, तेवढ्यावर मनुष्य तीन दिवस उभा होता. आणि वरून हसत होता.

"भन्तेजी, जेवत काऊन नाही तुमी?"

"अम्मा, हाथ में किसी ने दिया नहीं। नीचे रखा हुआ हम नहीं ले सकते।"

बाईनं कपाळावर हात मारून घेतला. "अन् हे सांगाले तोंड नव्हतं का तुमाले?"

"मांगना भी मना है, अम्मा।"

ती पायरीवर बसली. बोटं मोजायला लागली. "खाली ठेवलेलं घ्याचं नाही. तोंडानं मांगाचं नाही. बारा वाजल्यावर खायाचं नाही. मंग तुमी लोक जगता तरी कसे?"

भन्ते हसले. कोपऱ्यातलं ते काळं भांडं त्यांनी उचलून दाखवलं. "सवेरे पात्र लेके निकलते हैं। घर-घर जाते हैं।"

चांगुणाबाईचं बोट हवेतच राहिलं.

ती म्हणाली, सातला हातात डबा देऊ, एक माणूस खास ठेवू, पण हे भांडं राहू द्या. भन्ते म्हणाले की डब्यांची ओळख झाली, घरांची नाही झाली. आणि निघताना गुरूंना शब्द दिलाय, हे तीन महिने पात्रात जे पडेल त्यावरच राहीन. दोन-चार दिवस गाव नवं म्हणून थांबलो, आता निघायला पाहिजे. घरं एका ओळीत घ्यायची, मधात एकही सोडायचं नाही.

"एकबी नाही? रस्त्याच्या वरची बी?"

"जितना रास्ता, उतने घर, अम्मा। एक घर छोड़ा, तो वो घर सोचेगा, मैं छोटा हूँ।"

आता इथं चांगुणाबाईचं काय दुखत होतं ते सांगायला पाहिजे, नाहीतर बाई उगाच तिरसट वाटेल.

तिचं माहेरही याच वाड्यातलं. ती सहा वर्षांची होती तोवर तिची माय टोपलं घेऊन वरच्या गावात जायची. सोबत ही. अंगणाच्या कडेला उभं राहायचं, हाक द्यायची, आतून कोणी यायचं आणि रातची भाकर वरून टोपल्यात टाकायचं. टाकायचं म्हणजे टाकायचं, हात लागू नये म्हणून. मग छप्पन सालात बाप नागपूरला जाऊन आला. आला तो सरळ चुलीपाशी गेला, टोपलं मोडून चुलीत घातलं आणि त्या जाळावर पाणी तापवलं. त्या पाण्यानं घरातल्या सगळ्यांनी आंघोळ केली. त्या दिवसापासून त्या घरातलं कोणी भांडं घेऊन कोणाच्या दारात उभं राहिलं नाही. नवरा गेल्यावर एकदा दोन दिवस घरात दाणा नव्हता. चांगुणाबाईनं लेकरांना रानातल्या तरोट्याची भाजी उकडून घातली, पण रस्ता ओलांडला नाही.

आणि आता तिनंच भर मंडपात उभं राहून मागून आणलेला माणूस, तिच्याच विहारातून भांडं घेऊन वर जाणार.

संध्याकाळी विहारात बैठक बसली. समितीचा अध्यक्ष प्रसेनजित, धाड डेपोच्या एसटीवर कंडक्टर. त्यानं मोबाईल पुढं केला. "आजी, थायलंडात पाय, लंकेत पाय. समदे भन्ते असेच जाते. लोक रांगा लावते."

"लंकेतल्या मायनं टोपलं धरलं नव्हतं बे," बाई म्हणाली. "तुह्या पणजीनं धरलं होतं. इच्यार तिले."

"ते मेली ना आजी."

"मंग मले इच्यार. मी जित्ती हाय."

ती भन्तेंकडे वळली. "भन्तेजी, तुमी भांडं घेऊन वर गेले तर मी किल्ली काढून ठेवन. मंग विहार तुमचा अन् ह्यायचा."

भन्तेंना सगळं समजलं नव्हतं, पण किल्ली समजली. ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "अम्मा, एक दिन पीछे आके देखो। फिर भी बुरा लगे, तो मैं पात्र रख दूँगा।"

"अन् गुरूले देल्ला शब्द?"

"टूट जाएगा," ते म्हणाले. "फिर मैं नागपुर जाऊँगा। बता दूँगा, नहीं हुआ।"

म्हणजे पेच असा पडला. हो म्हणावं तर बापानं जाळलेलं टोपलं पुन्हा रस्ता चढणार. नाही म्हणावं तर पोराचा वर्षावास मोडणार आणि मोठ्या भन्तेंना दिलेला आपला शब्दही. बाईला त्या रात्री झोप लागली, कारण भांडून ती दमलेली होती. पण उठली ती चिडूनच उठली.

सकाळी साडेसहाला भन्ते अनवाणी निघाले. पात्र पोटाशी, नजर चार हात पुढं जमिनीवर. मागं दहा पावलांवर चांगुणाबाई, पदर खोचून, जसं काही चोरावर पाळत ठेवावी.

वाड्यात सगळं झकास झालं. बाया अंघोळी करून दारात उभ्या. काजलनं वाकून भाकर ठेवली, वर ठेसा. पुढच्या दारी वरण पडलं, त्याच्या पुढच्या दारी कोणी त्यावर शिरा वाढला. चांगुणाबाई मागून पुटपुटली, "बाप्पा, हे तं म्हशीचं आंबोन झालं." भन्तेंच्या चेहऱ्यावर रेघ नाही.

मग गिरणी. निजाम पिठानं पांढरा झालेला बाहेर आला. "मावशी, हमारे घर का चलता इनको?"

"हातात देल्लेलं समदं चालते. फक्त खाली ठेवू नको."

त्यानं हात धुतले, आतून बायकोला, आसमाला हाक मारली. दोघांनी मिळून रोटी आणि गुळाचा खडा पात्रात ठेवला. भन्ते "सुखी होतु" म्हणाले आणि रस्ता ओलांडून वर चढले.

चांगुणाबाईचे पाय गिरणीपाशीच थांबले. मग शिव्या देत चालायला लागले.

वरचं पहिलं घर अन्नपूर्णाबाईचं. पोरगा शेखर चिखलीला दुकान टाकून बसलेला, नवरा वारलेला, घरात ही एकटी आणि वावर चाळीस एकर. चांगुणाबाईनं त्या वावरात तीस वर्षं निंदण केलं होतं. वावराच्या बांधाला, धुऱ्यावर, दोघी एकाच पाण्याच्या कॅनशी बसून बोलत, पण घर म्हटलं की ओट्याच्या खालीच.

भन्ते अंगणात जाऊन उभे राहिले. हाक नाही, हात पुढं नाही, मान लवलेली नाही. नुसते उभे, एखादं झाड लावून ठेवल्यासारखे.

अन्नपूर्णाबाई ओट्यावर डाळ निवडत होती. "काय पायजे बाबा?"

भन्तेंची नजर चार हात पुढं जमिनीवरच.

"मुका हाय काय?" तिची नजर फिरली, विजेच्या खांबाआडचं लुगडं तिला दिसलं. "अवं चांगुने! काय मांगते हा?"

तो शब्द कानावर पडला आणि चांगुणाबाई खांबाआडून अशी निघाली की चार ढांगांत ओट्यापाशी.

"मांगत नाही तो."

"मंग उभा कायले हाय?"

"या घरात देनारं मानूस हाय का नाही, ते पाहून राह्यला. नसंल तं सांगा, पुढं जाईल."

अन्नपूर्णाबाईला ते झोंबलं. "कोन म्हनते नाही?" म्हणून ती उठली, आत गेली आणि फडक्यातली एक भाकर घेऊन आली. भन्तेंनी झाकण काढलं. चांगुणाबाईनं भाकरीकडे पाहिलं.

"हे रातची हाय."

"तुले कसं कळलं वं?"

"रातच्या भाकरीची कड कशी वळते, ते मले नका सांगू." बाईचा आवाज एकदम खाली आला होता, आणि ती जेव्हा हळू बोलते तेव्हा शहाण्यानं ऐकून घ्यावं. "तवा ठेवा. ताजी टाका. चपला काढा. वरून टाकू नका. दोन्ही हातानं, वाकून."

"एवढे कायदे? माहे गुडघे गेले माय!"

"माहेबी गेले. तुमच्याच वावरात गेले."

मग अन्नपूर्णाबाईच्या तोंडाचा कोपरा हलला. "लय बोलते वं तू," ती म्हणाली, पण वळली, आणि आत भांड्यांचा आवाज झाला.

इतक्यात भन्तेंना वाटलं की इथं काही मिळत नाही. नियमाप्रमाणं ते मुकाट्यानं निघाले.

"थांबा!" दोघी एकदम ओरडल्या. एक आतून, एक बाहेरून. भन्ते दचकून थांबले. नंतर त्यांनी चांगुणाबाईला विचारलंही, वो आपकी बहन है क्या, इतना झगड़ा करते हैं आप लोग?

दहा मिनिटांनी अन्नपूर्णाबाई बाहेर आली. चपला ओट्याखाली काढल्या. गुडघ्याला हात देत, आई गं करत वाकली आणि फुगलेली भाकर दोन्ही हातांनी पात्रात ठेवली. भाकरीची वाफ भन्तेंच्या तोंडावर गेली. "सुखी होतु," ते म्हणाले.

विहारात परत आल्यावर भन्तेंनी पात्र पुढं ठेवलं. "अम्मा, बोलो। रख दूँ?"

बाईनं पदराचा खोचा सोडून तोंड पुसलं.

"बुरं तं वाटलं," म्हणाली. "खोटं कायले बोलू. तुमी त्या अंगनात उभे राह्यले अन् मले मायचं टोपलं दिसलं. ते काही उद्या जानार नाही." मग तिनं पात्राकडे पाहिलं. "पन जा तुमी. माय माही वाकून उभी राहायची. तुमी उभे राह्यले अन् वाकली ते. एवढा फरक मले दिसते, आंधळी नाही मी. फक्त मी संग राहीन. अन् आता जेवा पह्यले, नाहीतं बारा वाजतीन."

असे भन्ते पियरतन खडकदरीत रुळले. पोरांना पंचशील शिकवायला लागले, त्यांच्याकडून 'काऊन' आणि 'हाव' शिकले. निजाम त्यांना क्रिकेटचा स्कोअर सांगायचा. श्रीलंका हरली की जरा जास्तच मोठ्यानं.

पण महिनाभरात वरच्या गावातून तक्रार आली. धुऱ्यावर अन्नपूर्णाबाईनंच काढली.

"चांगुने, तुमच्या वाड्यातल्या बाया मुद्दाम भांडं भरून देते. आमच्याकडं येईपर्यंत झाकन लागलेलं असते. मी रोज तवा ठेवतो, अन् तो बाबा नुसता समोरून जाते."

"हाव," चांगुणाबाई म्हणाली. "मुद्दामच देते."

"मंग आमी काय करावं?"

"लवकर उठावं."

हे सुख तिनं पुरते अठरा दिवस भोगलं. वरच्या गावच्या बाया ताज्या भाकरी घेऊन दारात उभ्या आणि बंद झाकणाचं पात्र समोरून जातंय, हे पाहायला ती पहाटे लवकर उठायची. मग भन्तेंच्या ध्यानात आलं. त्यांनी कोणाला काही म्हटलं नाही. एका सकाळी विहारातून निघून ते सरळ रस्ता ओलांडून वर गेले. आजपासून एक दिवस खालून, एक दिवस वरून.

"हे बरं नाही केलं भन्तेजी," मागून धापा टाकत चांगुणाबाई म्हणाली. "सांगाले पायजे होतं मले!"

"मांगना मना है अम्मा," भन्ते हसले. "बताना भी।"

"हे आता मनानं जोडलं तुमी!"

अन्नपूर्णाबाईच्या अंगणात ते जाऊन उभे राहिले. ओट्यावर कोणी नाही. इतक्या सकाळी पात्र आपल्या दारी येईल हे तिच्या स्वप्नात नव्हतं. आत चूल नुकती पेटलेली, धूर दारातून बाहेर येत होता. भन्ते थोडं थांबले असते आणि मग पुढच्या घराकडे निघाले असते.

चांगुणाबाईनं एकदा भन्तेंकडे पाहिलं, एकदा धुराकडे. मग ओटा चढली, दार ओलांडलं, माजघरातून सरळ चुलीपाशी जाऊन उभी राहिली. तीस वर्षांत पहिल्यांदा.

अन्नपूर्णाबाई परातीपुढं बसलेली, हात पिठात. तिनं वर पाहिलं. "अवं, तू इथी कशी?"

"तवा तापला का पाहाले आली. बाहेर भन्ते उभे हाय."

"माय वं! अन् अजून भाकर थापली नाही." अन्नपूर्णाबाई घाबरी झाली. "मंग उभी काऊन राह्यली? बस, दोन भाकरी थाप माह्यासंग."

चांगुणाबाईनं भिंतीला टेकवलेला पाट ओढला आणि चुलीच्या उबेला ऐसपैस बसली.

"मी देखरेखीवर हाय," ती म्हणाली. "थापा तुमी."